सव्वाचारची मूठ

माझ्या बायकोच्या टेनिस रॅकेटची मूठ मी तिला न विचारता जाड करून घेतली. ही पहिली चूक, आणि तशी ती लहान होती. दोन वर्षांनी तीच रॅकेट हातात घेऊन तिने मला विचारलं, "अहो, ही मूठ जाड लागतेय मला. माझे हात बारीक झाले का?" तेव्हा खरं काय ते मला माहीत होतं आणि मी म्हणालो, "सवय गेली असेल तुझी." ही दुसरी चूक. त्या चार शब्दांच्या आड मी पुढे सहा वर्षं बसून राहिलो.

मी दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात काम करतो. मोटारीच्या पत्र्याआड वायरींचं जे जाळं असतं, ते आम्ही बनवतो. सकाळी सहा पस्तीसला कंपनीची बस चौकात येते आणि संध्याकाळी सात-साडेसातला तिथेच सोडते. मधल्या वेळात माणूस जगतो की नाही, हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. अशी वीस वर्षं झाली. थकलेल्या माणसाला घरात सगळं माफ असतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तेही इथे सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं त्यातून आलं.

बायको अकोल्याची. तिचे वडील तिथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात कारकून होते. क्लबाला एक मातीचं टेनिस कोर्ट होतं. सकाळ-संध्याकाळ तिथे साहेब लोक खेळत. दुपारी बारा ते तीन साहेब झोपलेले असत, आणि त्या वेळात कारकुनाच्या मुलीने खेळलं तर कोणाची हरकत नव्हती. अकोल्याच्या उन्हात बारा ते तीन. डोक्याला ओला पंचा बांधून ती भिंतीशी खेळायची, कधी कोणी भेटलं तर जाळीपलीकडच्या माणसाशी. तशी खेळत खेळत ती विद्यापीठाच्या संघात गेली. शेवटच्या वर्षी तिच्या मामांनी बोटीवरच्या नोकरीतून येताना तिला एक रॅकेट आणून दिली. काळी, ग्रॅफाइटची, मुठीवर तपकिरी चामड्याची पट्टी गुंडाळलेली. मुठीच्या बुडाशी पांढऱ्या आकड्यांत लिहिलेलं होतं, सव्वाचार. म्हणजे मुठीचा घेर सव्वाचार इंच. लहान हाताचं माप.

लग्न होऊन ती दिल्लीला आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा माझे आईवडील, मी आणि ती, दोन खोल्यांत होतो. रॅकेट बघून आई म्हणाली, "ही कसली जाळी आणलीस गं? पापड वाळवायला बरी आहे." सगळे हसले, तीही हसली. मग तिने रॅकेटला उशीचा जुना अभ्रा घातला आणि ती लोखंडी कपाटावर, गाद्यांच्या मागे ठेवून दिली. सेक्टरात बॅडमिंटन होतं, टेनिस नव्हतं. कुठे आहे याची मी कधी चौकशी केली नाही. मुलगा झाला, वडील निवृत्त झाले, आईवडील पुण्याला परत गेले, क्वार्टर सोडावं लागलं. मग काही वर्षं मुनिरक्यात भाड्याने राहिलो, चौथ्या मजल्यावर, खाली म्हशी. रॅकेट तिथल्याही कपाटावर होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही गुडगावला आलो. तेव्हा तिकडे सगळीकडे खड्डे खणलेले होते आणि प्रत्येक खड्ड्यापुढे एका इमारतीचं रंगीत चित्र उभं होतं. आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकावर टेनिस खेळणारं एक गोरं जोडपं होतं. ते पत्रक बायकोने बराच वेळ हातात धरलेलं मला आठवतं. प्रत्यक्षात राहायला गेलो तेव्हा कोर्टाच्या जागी बिल्डरच्या सिमेंटच्या गोण्या होत्या. पाणी टँकरने यायचं, वीज आली तर यायची, आणि जनरेटर आमच्या खिडकीखाली धडधडायचा. गोण्या हलून कोर्ट तयार व्हायला तीन वर्षं गेली.

कोर्ट तयार झालं तेव्हा तिथे पहिला गेलो मी. मला टेनिसची आवड नव्हती. आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर त्याच सोसायटीत, मोठ्या फ्लॅटच्या टॉवरमध्ये राहायचे आणि रविवारी सकाळी खेळायचे. परदेशी कंपनीशी करार झाला होता, नवी खाती उघडत होती, कोणाला कुठे बसवायचं हे ठरत होतं. ते कोर्टावर ठरतं असं बसमध्ये सगळे म्हणत. मे महिना होता, बायको मुलाला घेऊन अकोल्याला गेलेली. मी कपाटावरून रॅकेट काढली, अभ्रा झटकला आणि खाली गेलो.

पहिल्या रविवारी चेंडू लागला की रॅकेट माझ्या हातात फिरायची. माझे हात मोठे आहेत. जनरल मॅनेजर जाळीपाशी येऊन म्हणाले, "अरे यार, भाभीजी का रैकेट उठा लाए क्या?" बाकीचे हसले. कोर्टावर एक म्हातारा मार्कर असायचा, म्हणजे कोर्टाची देखभाल करणारा आणि जोडीदार नसेल त्याच्याशी खेळणारा माणूस. त्याने माझ्या हातात रॅकेट धरायला लावली आणि माझ्या बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये स्वतःचं बोट घालून बघितलं. बोट शिरेना. "देखिए साहब, यहाँ एक उँगली की जगह होनी चाहिए. ये छोटे हाथ का ग्रिप है. या तो दूसरा लीजिए, या इसको मोटा करवाइए. मोटा हो जाता है. पतला नहीं होता."

घरात रॅकेट असताना दुसरी आणायची हे मला पटलं नाही. "मोटा हो जाता है" एवढंच मी ऐकलं.

आणि मूठ जाड करण्याची सामग्री आमच्याच कारखान्यात होती. वायरींचे जोड झाकायला आम्ही एक काळी रबरासारखी नळी वापरतो. ती जोडावर चढवायची आणि गरम हवा मारायची, की आवळून घट्ट बसते. रॅकेटच्या मुठीवरही तशीच चढेल हे माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच सुचलं, आणि खरं सांगायचं तर त्या सुचण्याचा मला अभिमान वाटला. त्या रात्री जेवण झाल्यावर मी मुठीवरचं चामडं उलगडायला बसलो. अकोल्याच्या घामाने ते काळं पडलं होतं आणि त्यात चार बोटांच्या चार खळग्या पडलेल्या होत्या. माझी बोटं त्यांत बसत नव्हती. उलगडताना ते जागोजागी तुटलं. तुकडे मी कचऱ्यात टाकले.

सोमवारी रॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून बसमधून कारखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या एका कारागिराने नळीचे दोन तुकडे एकावर एक चढवले आणि गरम हवेने आवळून दिले. "सर, अब आपके बच्चे भी खेलेंगे, ये नहीं निकलेगा," तो म्हणाला. संध्याकाळी गेटवर गार्ड कामगारांचे डबे उघडून बघत होता. माझं पुडकं त्याने बघितलं नाही, सलाम केला. घरी येऊन मी वरून नवी पांढरी पट्टी गुंडाळली. सव्वाचारची मूठ आता साडेचारची झाली होती. बुडाशी मात्र आकडा तोच राहिला, कारण नळ्या बुडाच्या वर संपत होत्या.

जूनच्या शेवटी बायको परत आली. पांढरी पट्टी तिला दाराशीच दिसली.

"हे कोणी बदललं?"

"मी. चामडं सडलं होतं."

"टाकलंत?"

"हो. तुकडे झाले होते त्याचे."

तिने पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. "बरं," म्हणाली, आणि बॅगा आत न्यायला लागली. नळ्यांचं मी सांगितलं नाही. लपवायचं असं काही मनात नव्हतं. तिला त्याचं काय, असं वाटलं. दिवाळीपर्यंत जनरल मॅनेजरांची चेन्नईला बदली झाली, नवे साहेब गोल्फवाले निघाले. माझं टेनिस संपलं. रॅकेट परत कपाटावर गेली आणि तिच्यात मी काय करून ठेवलंय हे मी विसरून गेलो.

दोन वर्षांनी सोसायटीने सकाळी पावणेसहा ते पावणेसात अशी बायकांसाठी वेळ ठेवली. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली पंजाबी बाई बायकोच्या मागे लागली. "चलो भाभी, सारी उमर पोहा ही बनाओगी क्या?" मुलगा तेव्हा सातवीत होता, स्वतःचं आवरून शाळेच्या बसला जात होता. बायको चाळीस वर्षांची होती. तिने मला विचारलं नाही, सांगितलं. "उद्यापासून मी सकाळी खाली जातेय." तिने अशा आवाजात मला काही सांगितल्याचं त्याआधीचं मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी ती अर्ध्या तासातच परत आली तेव्हा वीज गेलेली होती, लिफ्ट बंद. पाच मजले जिन्याने चढून ती दारात उभी राहिली. तिला धाप लागलेली नव्हती. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. इतक्या वर्षांच्या संसारात अशी बाई मी घरात पाहिली नव्हती. अकोल्याला दुपारी बारा ते तीन जी मुलगी असायची ती हीच असणार, असं माझ्या मनात आलं. बुटाची नाडी बांधत, बस चुकेल या घाईत, पण आलं.

आठवड्याभरात तिने तो प्रश्न विचारला. रविवार होता, मी पेपर वाचत होतो. ती रॅकेट हातात घेऊन समोर उभी राहिली, मूठ पुन्हा पुन्हा धरून बघत होती.

"अहो, ही मूठ जाड लागतेय मला. माझे हात बारीक झाले का?"

आणि मला त्या क्षणी सगळं आठवलं. काळी नळी, गरम हवा, कारागिराचं बोलणं. बोलायला फार तर दोन वाक्यं लागली असती. चाकूने नळ्या कापायला दहा मिनिटं. मी पेपर खाली केला नाही.

"सवय गेली असेल तुझी. पंधरा-सोळा वर्षं झाली."

तिने रॅकेट उलटी करून बुडाकडे बघितलं. "आकडा तर सव्वाचारच आहे," ती म्हणाली. मग हसली. "म्हणजे मीच बदलले."

का बोललो नाही, याचा मी पुढे बराच विचार केला. सुरुवातीला ओशाळलो होतो एवढंच. तिची वस्तू, तिला न विचारता, साहेबांपुढे मिरवायला मी बदलली, आणि ज्यासाठी बदलली ते मिळालंही नाही. हे तोंडाने सांगणं जड गेलं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त वाईट आहे. ती खाली जायला लागल्यापासून माझी सकाळ बिघडली होती. आधी उठलं की चहा समोर यायचा, डब्यात गरम पोळ्या असायच्या, मोजे जागेवर असायचे. आता पोळ्या आदल्या रात्रीच्या, चहा मी करायचा, आणि सहा वीसला मी दार ओढून निघायचो तेव्हा ती खाली कोर्टावर पळत असायची. मला चहा करता येत नव्हता असं नाही. पण चाळीस मिनिटं बसमध्ये धूळ खात जाताना मी मनात कुरकुरत असायचो. तिला नाही जमलं तर आपोआप बंद होईल, असा विचार मी शब्दांत केला नव्हता. तरी केला होता, हे मला माहीत आहे.

ती त्या मुठीनेच खेळत राहिली. सर्व्हिस करताना मनगटाचा जो झटका लागतो, तो जाड मुठीत बसत नाही. बोटं पूर्ण वळत नाहीत, मग रॅकेट सुटू नये म्हणून माणूस जास्त आवळून धरतो आणि ताण कोपरावर येतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मूठ जाड करून आणल्यावर मार्करने मला ते समजावून सांगितलेलं होतं. तो मार्कर गावी निघून गेला होता, नाहीतर त्याने तिचा हात बघून एका मिनिटात ओळखलं असतं. नवीन माणूस फक्त जाळी बांधायचा. ती संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून उजवं कोपर चोळायची. "होईल सवय," म्हणायची. माझेच शब्द.

मेच्या पहिल्या रविवारी सोसायटीचा मेळावा होता. त्यात बायकांच्या दुहेरीचा सामना ठेवला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोसे, माइक. सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं, "और अब हमारी महाराष्ट्र की चैंपियन!" हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मीच. लिफ्टमध्ये, बढाई म्हणून, "हमारी मिसेज़ यूनिवर्सिटी खेली हैं." म्हणजे मूठही मी बिघडवली होती आणि टाळ्या वाजवायला माणसंही मीच जमवली होती.

तिच्या पहिल्या दोन सर्व्हिस जाळीत गेल्या. पुढची लांब गेली. मग तिने जोर लावला आणि रॅकेट हातातून सुटली. ती गोल फिरत जाळीच्या पलीकडे गेली आणि समोशांच्या टेबलाशी जाऊन पडली. मग कोणीतरी ओरडलं, "भाभीजी, हथियार डाल दिए?" आणि सगळे हसले. तीही हसली. टेबलापर्यंत चालत गेली, रॅकेट उचलली, तळवा कुर्त्याला पुसला. परत येताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कागदी प्लेट होती. मी काहीतरी प्रोत्साहन दिल्यासारखी मान हलवली. ती मान हलवणं मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "मनगट फिरतच नाही हो आता. डोक्याला सगळं आठवतं, हाताला नाही."

मी पाचचं बटण पुन्हा दाबलं.

"चला," ती म्हणाली. "हौस फिटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा मिळाला, डब्यात गरम पोळ्या मिळाल्या. आणि त्या दिवशी, हेही लिहायलाच हवं, मला बरं वाटलं.

कोपर काही बरं झालं नाही. मोठा कुकर ती डाव्या हाताने उचलायला लागली, बादली मुलाला उचलायला सांगायची. त्याच उन्हाळ्यात मी तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्याने कोपर दाबून बघितलं आणि विचारलं, "टेनिस खेलती हैं?"

"खेलती थी. अभी बस दो महीने."

"ग्रिप का साइज़ क्या था? लोग हस्बैंड का रैकेट उठा लेते हैं, फिर मेरे पास आते हैं." तो माझ्याकडे बघून हसला.

"नहीं नहीं, मेरा अपना है," ती म्हणाली. "सवा चार. कॉलेज से वही है."

"फिर तो उमर ही है, मैडम."

ती मान डोलावत राहिली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर तिची पर्स घेऊन बसलो होतो. डॉक्टर मलमाचं नाव लिहीत होता. त्याचं लिहून संपेपर्यंत मला वेळ होता, आणि तो मी जाऊ दिला. एकदा न बोललेलं दुसऱ्यांदा न बोलणं सोपं जातं. तिसऱ्यांदा तर प्रश्नही येत नाही.

मग वर्षं गेली. गुडगावात मॉल आले, रस्त्यावर पूल आला, आमची बस तरीही तेवढ्याच वेळात पोचायची. मुलगा इंजिनिअरिंगला बाहेर गेला. बायको सकाळी गॅलरीत उभी राहून खाली कोर्टाकडे बघत चहा प्यायची. कप डाव्या हातात. वय झालं असं तिने एकदा मानल्यावर इतर गोष्टीही हळूहळू बंद केल्या. वरच्या फळीवरचं काढायला मला सांगायची, गाडी शिकायची ठरवली होती ती शिकली नाही. "आता कुठे," म्हणायची. चाळिशीतच तिने "आता कुठे" म्हणायला सुरुवात केली, आणि त्याची सुरुवात कोणत्या रविवारी झाली हे घरात फक्त मला माहीत होतं.

गेल्या साली थंडी संपता संपता एका रविवारी तिने कपाटावरचं सामान काढलं. अभ्र्यातली रॅकेट माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ही आठव्या मजल्यावरच्या त्या मुलीला देऊन या. टेनिस शिकतेय. बारा-तेरा वर्षांची आहे, हात अगदी माझ्यासारखा बारीक आहे तिचा. तारा नव्या लावून घे म्हणावं, पण मूठ बदलू नको. सव्वाचार सहसा मिळत नाही चांगल्या रॅकेटला."

मी रॅकेट घेऊन वर गेलो. मुलीने दार उघडलं, रॅकेट बघून खूश झाली. "वाओ, अंकल, आंटी की है?" तिने ती लगेच हातात धरली, आणि मग दुसऱ्या हाताचं एक बोट तळव्याजवळ घालून बघितलं, त्या मार्करने मला शिकवलं होतं तसंच. बोट शिरलं, वर जागाही उरली. तिची बोटं मुठीभोवती पुरत नव्हती.

"अंकल, ये तो बहुत मोटी है."

"नीचे साइज़ लिखा है," मी म्हणालो. का म्हणालो ते देव जाणे. सवयीने.

तिने उलटून आकडा वाचला, पुन्हा मूठ धरली. मुलांना संकोच नसतो. "लिखा तो ठीक है. पर है नहीं. इससे तो आंटी का हाथ भी दुखता होगा."

मी तिच्या हातातून रॅकेट घेतली. "बेटा, दूसरी ला दूँगा," म्हणालो आणि निघालो. लिफ्ट समोर उभी होती, मी जिन्याने उतरलो. तीन मजले उतरताना दोनदा थांबलो. तेरा वर्षांच्या मुलीला जे धरल्या क्षणी कळलं ते माझ्या बायकोलाही पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने अचूक ओळखलं होतं, आणि माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवला होता.

घरी आलो तेव्हा ती गॅलरीत भाजी निवडत होती.

"नव्हती का ती घरी?"

"होती."

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पांढरी पट्टी आता मळकी झाली होती, ती उलगडली. खालची काळी नळी दिसली. तिने भाजी बाजूला ठेवली. मी बुडापासून वरपर्यंत एक उभी चीर दिली. नळी फार घट्ट बसली होती, दोनदा सुरी सटकली. पहिला थर निघाला, मग दुसरा. खालची मूठ निघाली ती माझ्या आठवणीपेक्षा बरीच बारीक होती.

तिने नळीचा सोललेला तुकडा उचलला, बोटांत दाबून त्याची जाडी बघितली. मग उघडी मूठ उजव्या हातात धरली. बोटं पुरी वळली.

"यावर चामडं यायला हवं," ती म्हणाली. "मग बरोबर होईल." आवाज साधा होता. तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे तुमच्या फॅक्टरीतलं."

"हो. तू अकोल्याला गेली होतीस तेव्हाचं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि डॉक्टरकडे?"

"तेव्हाही."

खाली कोर्टावर कोणीतरी खेळत होतं, चेंडूचा आवाज येत होता. ती मुठीकडे बघत होती. मला वाटलं रडेल, किंवा रॅकेट फेकेल. तिने फक्त विचारलं, "का हो?"

मी कामाचा थकवा सांगू शकलो असतो, विसरलो म्हणू शकलो असतो. सहा वर्षांत अशी बरीच उत्तरं मी तयार ठेवलेली होती. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही.

"तू खाली जायला लागलीस की मला सकाळी चहा मिळायचा नाही," मी म्हणालो. "एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही. तुझे हात बारीक झाले नव्हते. तुझी सवय गेली नव्हती. मनगटही ठीक होतं. मूठ जाड होती, ती मी केली होती, आणि तुझं सगळ्यांसमोर हसं झालं तेव्हाही मी समोसा खात बसलो. कोपराचं मला आता काही करता येणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. पण म्हणतो. मला माफ कर."